अर्धा काळा, अर्धा पांढरा

आमच्या घरात दिवस पहाटे साडेतीनला सुरू होतो. अण्णा उठतात, चूळ भरतात, चहाही न घेता अंगणात जातात आणि दुधाच्या टेम्पोखाली रिकामे पोते अंथरून उताणे आत सरकतात. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसतात. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात चिंधी. पाच-सात मिनिटे ते तिथे काहीतरी पुसत असतात, पाहत असतात, मग बाहेर येऊन हात धुतात आणि म्हणतात, "हं, टाक चहा." समोरच्या घरातले काका या प्रकाराला 'काकडआरती' म्हणतात. मीही लहानपणापासून तेच म्हणत आले. शाळेत 'माझे वडील' या निबंधात मी ते लिहिलेही होते आणि बाईंनी समासात लाल शाईने 'छान' असा शेरा दिला होता.

त्या काकडआरतीचा अर्थ मला यंदा कळला. आणि तो कळला एका इंग्रजी कादंबरीमुळे व सत्तर वर्षांपूर्वी समुद्रात पडलेल्या एका विमानामुळे. सांगताना थोडा संकोच वाटतो. कला शाखेच्या विद्यार्थिनीने विमानाच्या पत्र्याविषयी लिहावे हे काही आपल्या अंकाच्या परंपरेत बसत नाही. (गेल्या वर्षीच्या अंकात एकट्या पावसावर सात ललित लेख होते. मी मोजले.)

कादंबरीचे नाव 'नो हायवे'. लेखक नेव्हिल शूट. आपल्या ग्रंथालयातल्या खिडकीजवळच्या शेवटच्या कपाटात ती होती. पाठीचा कणा मोडलेली, पाने पिवळी पडलेली. ट्यूटोरियलसाठी मला दुसऱ्या महायुद्धानंतरची एखादी इंग्रजी कादंबरी हवी होती, आणि खरे सांगायचे तर ही पातळ दिसली म्हणून मी घेतली. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत एक विसराळू, गबाळा शास्त्रज्ञ आहे. त्याचे म्हणणे असे की, एका नव्या विमानाचे शेपूट ठरावीक तास उडाल्यावर तुटणार. कारण धातूसुद्धा थकतो. त्या जातीचे एक विमान आधीच लॅब्राडोरच्या जंगलात पडलेले असते आणि चौकशीत दोष वैमानिकाच्या माथी मारून फाइल बंद झालेली असते. मेलेला वैमानिक काही उत्तर द्यायला येत नाही.

शूट हा स्वतः विमानांचा अभियंता होता. उमेदवारीच्या काळात त्याने डी हॅव्हिलँड या कंपनीत काम केले होते. त्याची कादंबरी बाजारात आली तेव्हा तीच डी हॅव्हिलँड कंपनी लंडनजवळच्या हॅटफिल्ड येथे एक विमान बांधीत होती. त्या विमानाचे नाव कॉमेट, म्हणजे धूमकेतू. आपल्याकडे धूमकेतू दिसला की जुनी माणसे काय म्हणत, ते इंग्रजांना कोणी सांगितले नसावे.

कॉमेट हे जगातले पहिले प्रवासी जेट विमान. २७ जुलै १९४९ रोजी ते प्रथम उडाले आणि २ मे १९५२ रोजी लंडनहून जोहान्सबर्गला प्रवासी घेऊन निघाले. पंख्याची विमाने थरथरत, ढगांतून धक्के खात जात त्या काळात हे विमान ढगांच्याही वर, पस्तीस-चाळीस हजार फुटांवरून जवळजवळ निःशब्दपणे जाई. त्याच वर्षी कोलंबोचा मार्ग सुरू झाला आणि त्या वाटेवर ते मुंबईलाही उतरू लागले. युद्धात खंगलेल्या ब्रिटनला या एका यंत्राने पुन्हा मान वर करायला लावली होती. अमेरिकेकडेही तेव्हा असे विमान नव्हते.

आणि मग अपघात सुरू झाले.

पहिला रोमला झाला, २६ ऑक्टोबर १९५२ रोजी. विमान धावपट्टीवरून धावले, नाक वर झाले, पण ते उचललेच नाही. पट्टी संपल्यावर पुढे जाऊन मोडले. सुदैवाने कोणी मेले नाही. चौकशीत ठरले की कॅप्टन फूट यांनी नाक प्रमाणाबाहेर वर उचलले, म्हणजे चूक त्यांचीच. त्यांना कॉमेटवरून काढून यॉर्क जातीच्या मालवाहू विमानांवर पाठवण्यात आले. पुढे ३ मार्च १९५३ रोजी कराचीला अगदी तसेच घडले. कॅनडाच्या एका कंपनीचे नवे कोरे कॉमेट पहाटेच्या अंधारात उचलले गेले नाही, कालव्याच्या बांधावर आदळले आणि आतले अकराही जण गेले. पुन्हा दोष वैमानिकाचा! परंतु त्यानंतर विमानाच्या पंखाच्या पुढच्या कडेचा आकार बदलण्यात आला. माणसाची चूक होती, तर पंख कशाला बदलला, असा प्रश्न माझ्यासारख्या अडाण्यालाही पडतो.

मालवाहू विमानांवर पाठवले, या वाक्यापाशी मी वाचता वाचता थांबले. ग्रंथालयात दुपारी तीनची वेळ होती, पंखा कुरकुरत होता, आणि माझ्या डोळ्यांसमोर अण्णांचा दुधाचा टेम्पो उभा राहिला.

अण्णा पूर्वी प्रवासी गाडी चालवीत. एका खासगी मालकाची रात्रीची बस होती, घाटावरून कोकणात उतरणारी. २००९ च्या पावसाळ्यात, मी चार वर्षांची असताना, ती गाडी घाटातल्या एका वळणावर डोंगरावर आदळली. एक आजोबा दगावले. क्लीनरचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. पंचनाम्यात रस्ता ओला, वेग जास्त, चालकाचा निष्काळजीपणा असे लिहिले गेले. न्यायालयात कित्येक वर्षे तारखा पडत राहिल्या. शेवटी वकिलांनी सांगितले, "कबूल करून टाका, दंडावर भागेल." अण्णांनी कबूल केले. दंडासाठी आईच्या पाटल्या गेल्या. त्यानंतर अण्णांनी प्रवासी गाडीला हात लावला नाही.

आमच्या घरात या प्रसंगाला नाव नाही. 'तेव्हाचं' असे म्हणतात. "तेव्हाचं जाऊ दे," असे आई म्हणते. पाचवीत असताना वर्गातली एक मुलगी मला म्हणाली होती, "तुझ्या वडिलांनी माणूस मारलाय." मी घरी येऊन काही विचारले नाही. विचारले नाही, कारण मला ते खरे वाटले होते. कबूल केले म्हणजे केलेच असणार. हे मी आज पहिल्यांदा लिहीत आहे.

तर कॉमेटकडे वळते. २ मे १९५३. सेवेला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी सिंगापूरहून लंडनला जाणारे कॉमेट कोलकात्याच्या डमडमहून दिल्लीकडे निघाले. बंगालमध्ये चैत्र-वैशाखात संध्याकाळी जी वावटळ-विजांची वादळे येतात, ज्यांना तिकडे कालबैसाखी म्हणतात, तसे वादळ समोर होते. सहा मिनिटांत विमान आकाशातच फुटले. हुगळी जिल्ह्यातल्या जगलगोरी गावाजवळ, भातखाचरांत, पेटलेले तुकडे पावसात पडले. त्रेचाळीस माणसे होती. एकही वाचला नाही. भारतीय चौकशी न्यायालयाने निष्कर्ष काढला की, वादळाच्या झोतांनी किंवा त्या वादळात विमान सावरताना वैमानिकाकडून पडलेल्या जादा ताणाने सांगाडा मोडला. या न्यायालयाला मी नावे ठेवणार नाही. अवशेषांची बारकाईने तपासणी व्हावी आणि विमानाच्या बांधणीत काही बदल हवेत का तेही पाहावे, असे त्यानेच सुचवले होते. पण वादळ तर सर्वांनी पाहिले होते. डोळ्यांसमोर एवढे मोठे कारण असताना लहान कारण कोण शोधतो? बाकीची कॉमेट उडत राहिली.

तीन मोठे अपघात, आणि त्यांचे तीन गुन्हेगार: दोन वैमानिक आणि एक वादळ. विमान अजून निर्दोष होते.

१० जानेवारी १९५४ रोजी मात्र वादळ नव्हते. रोमहून लंडनला निघालेले कॉमेट, अगदी तेच विमान ज्याने जोहान्सबर्गची पहिली फेरी केली होती, स्वच्छ सकाळी वर चढत होते. कॅप्टन गिब्सन दुसऱ्या एका विमानाच्या वैमानिकाशी रेडिओवर बोलत होते, आणि वाक्य मध्येच तुटले. एल्बा बेटाजवळच्या कोळ्यांनी ढगांवरून आवाज ऐकला आणि मग जळते तुकडे समुद्रात पडताना पाहिले. पस्तीस जण गेले, त्यांत दहा मुले होती. कोळी होड्या घेऊन धावले. त्यांच्या हाती पंधरा प्रेते लागली.

प्रेते तपासणाऱ्या इटालियन डॉक्टरांना त्यांच्या फुप्फुसांवर विलक्षण जखमा आढळल्या. आतली हवा क्षणार्धात निघून गेली की होतात तशा. पुढे ज्याच्यासाठी पाण्याचे तळे बांधावे लागले ते उत्तर त्या प्रेतांनी पहिल्याच आठवड्यात सांगितले होते, असे मला वाटते. परंतु तेव्हा सगळ्यांचा संशय इंजिनावर, आगीवर होता. विमाने जमिनीवर बसवण्यात आली, सुमारे साठ दुरुस्त्या झाल्या, आणि २३ मार्चला ती पुन्हा उडू लागली. सोळा दिवसांनी, ८ एप्रिलला, रोमहून कैरोला जाणारे आणखी एक कॉमेट नेपल्सच्या दक्षिणेला रात्री समुद्रात पडले. एकवीस माणसे. चारच दिवसांत कॉमेटचा उड्डाणाचा परवाना काढून घेण्यात आला.

यापुढची हकीगत मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते, म्हणून ती जरा सावकाश सांगते. नेपल्सकडचा समुद्र फार खोल, तिथले विमान वर काढणे शक्य नव्हते. एल्बाजवळ ब्रिटिश नौदलाने शंभर मीटरहून खोल पाण्यात टेलिव्हिजनचे कॅमेरे सोडले, कोळ्यांची जाळी ओढली, आणि महिनोन् महिने एकेक तुकडा वेचून इंग्लंडला धाडला. फार्नबरो येथील संशोधन संस्थेत सर आर्नल्ड हॉल यांच्या देखरेखीखाली लाकडी सांगाड्यावर ते तुकडे जागच्या जागी लावण्यात आले. आपण फुटलेली कपबशी चिकटवतो ना, तसे. फक्त कपबशी शंभर फूट लांब आणि समुद्राच्या तळाशी विखुरलेली.

दुसरीकडे एक संपूर्ण कॉमेट घेऊन त्याच्या धडाभोवती लोखंडी टाकी बांधली. पंख टाकीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर. टाकीत पाणी भरले, विमानातही पाणी भरले. पाणीच का, तर हवा भरून पत्रा फुटला तर बॉम्बसारखा स्फोट होऊन पुरावाच नाहीसा होईल. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे फाटेल तेवढेच फाटते आणि कुठून फाटले ते दिसते. चाळीस हजार फुटांवर बाहेर हवा विरळ, आत माणसांना श्वास घेता यावा म्हणून दाब जास्त. म्हणजे प्रत्येक उड्डाणाला विमान फुग्यासारखे किंचित फुगते आणि उतरले की पुन्हा बसते. हे फुगणे-बसणे त्यांनी टाकीत पंपाने चालू ठेवले. काही मिनिटांत एक उड्डाण. रात्रंदिवस. त्या विमानाची प्रत्यक्ष उड्डाणे आणि टाकीतली मिळून सुमारे तीन हजार झाली, आणि जून १९५४ मध्ये एका खिडकीच्या कोपऱ्यापासून पत्रा फाटला.

कंपनीने आधी परीक्षा घेतलीच नव्हती असे नाही. विमानाच्या पुढच्या भागाचा एक नमुना त्यांनी सोळा हजारांहून अधिक वेळा फुगवून पाहिला होता. तो टिकला होता. पण त्याच नमुन्याला पूर्वी दुसऱ्या एका चाचणीत नेहमीच्या दुप्पट दाब दिलेला होता. त्या दाबाने कोपऱ्यांतला धातू किंचित ताणून घट्ट झाला होता आणि म्हणून थकायला उशीर लागला. थोडक्यात, परीक्षेला बसलेला विद्यार्थी आधी खास शिकवणी घेऊन आला होता आणि त्याच्या गुणांवरून साऱ्या वर्गाला पास केले गेले. लबाडी कोणाची नव्हती. हॅटफिल्डमधली माणसे हुशार होती, प्रामाणिक होती, आणि त्यांनी केलेल्या विमानातून माणसे मेली.

पुढे ऑगस्टमध्ये एका इटालियन कोळ्याच्या जाळ्यात छताचा तुकडा आला. त्यात रेडिओच्या एरियलसाठी ठेवलेल्या दोन खिडक्या होत्या. एल्बाच्या विमानाचा घात तिथून सुरू झाला होता, कोपऱ्याजवळच्या एका बारीक भोकापाशी. एक मिलिमीटरहूनही पातळ असलेल्या पत्र्यात केसाएवढा तडा उड्डाणागणिक सरकत होता. तो पायलटला दिसणे शक्य नव्हते, प्रवाशांना नाही, आणि खालून पाहणाऱ्या कोणालाही नाही. लॉर्ड कोहेन यांच्या चौकशी न्यायालयाने १९५५ च्या आरंभी हेच कारण नोंदवले. पुढे खिडक्या गोलाकार झाल्या, पत्रा जाड झाला, आणि प्रत्येक नवे विमान टाकीत किंवा तशाच चाचणीत थकवून पाहण्याची पद्धत पडली. कॉमेट १९५८ मध्ये नव्या रूपात परत आले, पण तोवर अमेरिकेचे बोइंग दाराशी उभे होते.

कोलकात्याच्या विमानातही असाच तडा होता काय? ठामपणे तसे म्हणता येत नाही. वादळ तर खरेच होते. मला एवढेच वाटते, त्या सायंकाळी आभाळ निरभ्र असते, तर तपास वर्षभर आधी सुरू झाला असता.

हे सगळे मी वहीत उतरून घेतले आणि एका रविवारी अण्णांना सांगितले. माझा हेतू फारसा थोर नव्हता. ट्यूटोरियल वाचून दाखवायचे होते, आणि घरात श्रोता एकच मोकळा होता. अण्णा ओट्यावर बसून स्टोव्हची पिन करीत होते. टाकीची आकृती त्यांना फार आवडली. "पाण्यात घातलं? डोकेबाज माणसं," असे ते दोनदा म्हणाले. मग मी सांगितले की असा तडा आतल्या आत पुढे जात राहतो, आणि उरलेला धातू भार पेलेनासा झाला की एकदम तुटतो.

अण्णांनी विचारले, "आणि तुटल्यावर कसं दिसतं गं ते?"

मी वहीत पाहून सांगितले. जुना तडा असतो तो भाग घासून गुळगुळीत झालेला. शेवटी तुटतो तो भाग खरखरीत, ताजा. लोखंड असले आणि पाणी शिरले, तर जुना भाग गंजून काळा पडतो.

"अर्धा काळा, अर्धा पांढरा," अण्णा म्हणाले.

मी म्हटले, "हो. तुम्हाला कसं माहीत?"

त्यांनी स्टोव्ह खाली ठेवला. मग जे सांगितले ते इतक्या साध्या आवाजात की मला आधी कळलेच नाही ते कशाबद्दल बोलताहेत. त्या रात्री सगळ्या माणसांना बाहेर काढून झाल्यावर, मदत यायच्या आधी, ते बॅटरी घेऊन गाडीखाली शिरले होते. वळणावर चाक फिरवले तेव्हा स्टिअरिंग हातात मोकळे फिरले होते, म्हणून. खाली स्टिअरिंगचा रॉड तुटून लोंबत होता. तुटल्या जागी अर्धा काळा होता, अर्धा पांढरा.

"मग सांगितलं नाहीत कोणाला?"

"सांगितलं की. पंचनाम्याला आलेल्या साहेबांना सांगितलं, मालकाला सांगितलं. म्हणाले, डोंगरावर आदळल्यावर रॉड तुटणारच. ते काही खोटं नाही, तुटतोही." थोडे थांबून म्हणाले, "मला काळ्याचा अर्थ सांगता आला नाही त्यांना. दिसलं एवढंच. आठ दिवसांनी गॅरेजात गेलो तो तुकडा मागायला. भंगारात गेला होता. किलोवर."

आई दारात उभी होती. ती "जाऊ दे तेव्हाचं" म्हणाली नाही.

मला त्या क्षणी वाटले की सगळे स्पष्ट झाले. अण्णा निर्दोष! मी तसे म्हणालेही, जरा मोठ्यानेच. पण अण्णा माझ्यापेक्षा सावध निघाले. "तसं नाही म्हणता यायचं. पाऊस होता. वेग दहाने कमी असता तर गाडी कदाचित चरातच बसली असती. ते आजोबा पुढच्या बाकावर होते." त्यांनी पुन्हा स्टोव्ह उचलला. "आणि रॉड माझ्याच गाडीचा होता ना. रोज मीच चालवीत होतो. चिखल पुसून कधी बघितला नव्हता."

हे ऐकून मला वकिलांचा, मालकाचा, पंचनाम्याचा राग आला तो आलाच. पण माझाही आला. बारा वर्षे मी एका कबुलीजबाबावर विश्वास ठेवून बसले होते, आणि तो कबुलीजबाब का दिला, हे विचारायला मला एका इंग्रजाची कादंबरी लागली. कॉमेटचा तुकडा समुद्रातून काढायला नौदल गेले. अण्णांचा तुकडा आठ दिवस गॅरेजच्या कोपऱ्यात पडला होता, हाताच्या अंतरावर. आणि तो उचलून दिव्यापुढे धरायला कोणी वाकले नाही. एल्बाला पस्तीस माणसे मेली होती, घाटात एक, हे मला समजते. पण त्या आजोबांच्या घरच्यांनाही अजून वाटत असेल की ड्रायव्हरला डुलकी लागली होती.

ट्यूटोरियलला मला दहापैकी सहा गुण मिळाले. विषयांतर फार आहे असे सरांनी लिहिले. ते बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला मी उठले. अण्णा पोते अंथरून टेम्पोखाली गेले होते. मी वाकून बॅटरी मागितली. त्यांनी काही न विचारता दिली. खाली डिझेलचा आणि आंबट दुधाचा वास होता. चिखल वाळून रॉडवर पापुद्र्यासारखा बसला होता.

"इकडे धर. जरा खाली," अण्णा म्हणाले. "हां. आता चिंधी दे."